कम्प्युटर अडकून राहिला? ड्राइव्ह मंद आहे की मरायला टेकलाय, हे असं ओळखा

"भाऊ, पाच मिनिटं झाली, गोल गोलच फिरून राहिलं. काहीच उघडून नाही राहिलं." उन्हाळा लागला की असे फोन वाढतात. कधी महालातला डीटीपीवाला असतो, कधी मानेवाड्याला ट्यूशन घेणाऱ्या ताई, कधी कळमन्याच्या अडत दुकानातला मुनीम. नागपुरात बर्डीत बसून चौदा वर्षं कम्प्युटर दुरुस्तीचं हेच काम करतो आहे. या एका तक्रारीच्या मुळाशी फिरून फिरून तीच सहा-सात कारणं सापडतात. त्यातली निम्मी एक रुपया न खर्चता सुटतात. उरलेल्यांत ड्राइव्ह, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, खरोखर जायला लागलेला असतो. तिथे पहिल्या तासात तुम्ही काय करता, यावर तुमचा डेटा राहणार की जाणार हे ठरतं.

म्हणून क्रम मोडू नका. फुकटचं आणि सोपं आधी, स्क्रू ड्रायव्हर नंतर, आणि डिस्कवर ताण टाकणारं सगळं अगदी शेवटी.

लक्षणं

पहिला प्रकार म्हणजे सगळंच हळू. चालू व्हायला वेळ, वर्ड उघडायला वेळ, ब्राउझरला वेळ, आणि हे रोज सारखंच. अशा वेळी ड्राइव्ह बहुधा खराब नसतो, त्याच्यावर ओझं जास्त असतं.

दुसरा प्रकार वेगळा असतो. मशीन दहा मिनिटं झकास चालतं आणि मग एक मिनिट थिजतं. माउस हलतो, पण क्लिक लागत नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाइट लुकलुकायचं सोडून एकसारखा जळत राहतो. ठरावीक एकच फोल्डर उघडलं की अडकतं. कॉपी साठ टक्क्यांपर्यंत धावते आणि वेग शून्यावर येतो. आज दोन मिनिटांत सुरू झालं, उद्या बारा मिनिटं लागली. फोटो उघडतो, पण खालचा अर्धा भाग राखाडी दिसतो. मध्येच 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं येतं आणि बंद-चालू केलं की पुन्हा ठीक. यातली दोन लक्षणं जरी जुळली, तरी दोष ड्राइव्हमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे असं धरून चला.

तिसरं लक्षण कानाने कळतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा एक साधा आवाज असतो, बारीक घरघर आणि अधूनमधून कुरकुर. तो ओळखीचा असू द्या. बिघडलेली डिस्क मात्र ठेका धरते. टक्... टक्... टक्, मग फिरणं थांबल्यासारखं होतं, पुन्हा उचल घेते, पुन्हा टक्... टक्. आत वाचणारं हेड आपली जागा शोधतं, सापडत नाही म्हणून परत मूळ जागी येतं, त्याचा तो आवाज. असा ठेका ऐकू आला तर पुढची एकही तपासणी करू नका. मशीन बंद करा आणि थेट शेवटचा भाग वाचा. चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला ते हेड आतल्या चकतीवर ओरखडा काढू शकतं, आणि ओरखड्याखालचा डेटा जगात कोणालाच परत आणता येत नाही.

आधी दहा मिनिटं डेटासाठी

आवाज नसेल आणि विंडोज सुरू होत असेल, तर पेन ड्राइव्ह लावा. जे पुन्हा मिळणार नाही तेवढंच आधी उचला: टॅलीचा डेटा, मुलांचे फोटो, शेताच्या कागदांचे स्कॅन, थिसिस. सिनेमे आणि सॉफ्टवेअर राहू द्या. पूर्ण फोल्डर एकदम ओढू नका. लहान लहान तुकडे घ्या, म्हणजे एखादी फाइल अडली तरी बाकीच्या निघालेल्या असतात. एखाद्या फाइलवर अडकलं तर तिला सोडून पुढे जा. त्याच फाइलसाठी पाच वेळा प्रयत्न करणं म्हणजे डिस्कच्या दुखऱ्या जागेवर पाच वेळा बोट दाबणं.

आणि चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोय, चालवू नका. हे मी जीव तोडून सांगतो. इंटरनेटवर जो तो तोच पहिला उपाय सांगतो, सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच करायचो. एका बाईंचा कम्प्युटर आला होता. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते आणि त्यांचे सगळे फोटो त्यातच होते. मशीन हळू होतं पण चालत होतं. मी रात्री चेकडिस्क दुरुस्तीच्या पर्यायासकट लावून घरी गेलो. सकाळी डिस्क ओळखलीच गेली नाही. त्या रात्री मी आधी फोटो काढून घेतले असते तर बहुतेक सगळे मिळाले असते. दुरुस्तीचा तो पर्याय डिस्कचा कण न् कण वाचतो, वर फाइलींच्या नोंदी आपल्या समजुतीने बदलतो. सुदृढ डिस्कला ते चालतं. मरायला टेकलेलीला रात्रभर पळवलं तर ती पळता पळताच पडते. त्या बाईंना काय सांगितलं ते शब्द अजून आठवतात. तेव्हापासून माझ्या टेबलावर एकच नियम आहे, आधी कॉपी आणि मग तपासणी.

टास्क मॅनेजर काय सांगतो

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. बहुतेक लोक फक्त '१०० टक्के' बघतात आणि घाबरतात. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की डिस्कला उसंत नाही. खरी गोष्ट कळते ती खालच्या दोन आकड्यांवरून: वाचण्या-लिहिण्याचा वेग आणि सरासरी प्रतिसाद वेळ.

डिस्क १०० टक्के आणि वेग सेकंदाला ८०-१०० एमबी असेल, तर ती राबते आहे. कोणीतरी तिच्याकडून काम करून घेतंय. त्याला शोधा. पण डिस्क १०० टक्के, वेग अर्धा एमबीसुद्धा नाही आणि प्रतिसाद वेळ हजारो मिलिसेकंद असेल, तर ती राबत नाही, अडखळते आहे. एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न चाललाय. साध्या हार्ड डिस्कला एखादी गोष्ट शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, ओझं असलं की शंभर-दोनशेही होतात. एसएसडीला (फिरती चकती नसलेल्या, चिपवरच्या ड्राइव्हला) एक मिलिसेकंदही लागत नाही. त्यामुळे तीन-चार हजार दिसले की मी पुढचे सॉफ्टवेअरचे उपाय सोडून सरळ स्मार्टच्या आकड्यांकडे वळतो (ते काय, हे पुढच्या भागात).

राबणारी असेल तर त्याच खिडकीत मेमरी बघा. ४ जीबी रॅम असेल आणि ९० टक्के भरलेली असेल, तर दोषी डिस्क नाही. रॅममध्ये न मावलेलं विंडोज डिस्कवर टाकतं आणि पुन्हा उचलतं, त्यातच डिस्क दमते. अशी मशीनं घेऊन लोक 'हार्ड डिस्क गेली' म्हणून येतात आणि रॅम वाढवून हसत जातात.

सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरला असेल तर तो आधी मोकळा करा. एसएसडीला तर मोकळी जागा लागतेच. नवं लिहिण्याआधी तिला जुनं पुसावं लागतं, आणि त्यासाठी हात फिरवायला जागा नसेल तर ती रेंगाळते. पंधरा-वीस टक्के मोकळं ठेवा. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसचा स्कॅन चालू असेल तर तासभर थांबून पुन्हा बघा. स्वस्त एसएसडीवर मोठी कॉपी करताना सुरुवातीचे काही जीबी भराभर जातात आणि मग वेग कोसळतो, तो बिघाड नाही. तिचा वेगवान कप्पा भरलेला असतो, रिकामा झाला की पुन्हा पळते.

स्मार्टचे आकडे

प्रत्येक ड्राइव्ह आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवतो, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. लिनक्सवाल्यांकडे स्मार्टसीटीएल आहे. वर निळा 'गुड', पिवळा 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' असा शिक्का दिसतो. शिक्क्यावर थांबू नका, खालचा तक्ता वाचा. त्यातले रॉ, म्हणजे कच्चे, आकडे सुरुवातीला सोळा अंकांच्या (हेक्स) पद्धतीत असतात, म्हणजे १८ दिसलं तर ते खरे २४. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचरखाली रॉ व्हॅल्यूज आहे, तिथे दशमान निवडा, म्हणजे घोळ होणार नाही.

फिरत्या डिस्कसाठी मी चार ओळी बघतो. ०५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बदललेल्या जागा. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत, पण अजून निकाल लागलेला नाही अशा जागा. सी६ म्हणजे प्रयत्न करूनही न सुधारलेल्या. आणि सी७ म्हणजे ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत खराब झालेली माहिती.

सी५ शून्याच्या वर गेला की मंदपणाचं कारण सापडलं असं समजा. विंडोजला त्या जागेवरचं काही हवं असतं, डिस्क देऊ शकत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तुमचा माउस थिजतो. ०५ मध्ये चार-पाच असतील आणि वर्षभर तेवढेच असतील, तर ती डिस्क बिनमहत्त्वाच्या कामाला चालेल. पण सोमवारी ८ होते आणि गुरुवारी ४० झाले, तर आजच बदला. एका दिवसाच्या आकड्यावरून फार कळत नाही. तो किती वेगाने वाढतोय हे बघायला हवं. म्हणून दर वेळी तक्त्याचा फोटो काढून ठेवा.

सी७ बघून मात्र ड्राइव्ह फेकू नका. इथे बहुतेक वेळा वायर दोषी असते. हा आकडा आयुष्यात कधी शून्यावर परत येत नाही, त्यामुळे वायर बदलल्यावर तो वाढायचा थांबला की नाही एवढंच बघायचं. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत कोटींतले आकडे दिसतात. ती त्या कंपनीची मोजायची पद्धत आहे, घाबरू नका.

आता तितकीच महत्त्वाची दुसरी बाजू. शिक्का 'गुड' आहे म्हणून ड्राइव्ह ठणठणीत आहे असं नाही. गूगलने आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. म्हणून आकडे साफ असूनही लक्षणं दुसऱ्या प्रकारची असतील, तर मी लक्षणांवर विश्वास ठेवतो.

एसएसडीचं तर आणखी अवघड. तिला आवाज नाही. आयुष्य ९४ टक्के शिल्लक दाखवते आणि दुसऱ्या दिवशी बायोसमध्येच (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दिसत नाही, कारण तो टक्का फक्त झीज मोजतो, कंट्रोलरची चिप कधी जाईल हे त्याला ठाऊक नसतं. तिचं एक विचित्र लक्षण लक्षात ठेवा. फाइल डिलीट केली, मशीन बंद-चालू केलं, आणि फाइल पुन्हा तिथेच. एसएसडीने लिहायचं थांबवलंय. वाचू देते आहे तोवर सगळं उचलून घ्या.

विंडोजची डायरी

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. 'डिस्क' या नावाच्या नोंदी शोधा. ७ क्रमांक म्हणजे खराब जागा लागली. १५३ म्हणजे मागणी पुन्हा करावी लागली. १२९ म्हणजे ड्राइव्हने उत्तरच दिलं नाही म्हणून त्याला हलवून जागं केलं; ही नोंद मात्र 'डिस्क' नव्हे, स्टोरेजच्या ड्रायव्हरच्या नावाने (जसं storahci) येते. मशीन थिजलं ती वेळ आणि नोंदीची वेळ जुळली की शंका उरत नाही. फक्त नोंद कोणत्या डिस्कची आहे ते बघा. हार्डडिस्क ० आणि हार्डडिस्क २ यांत फरक आहे, कधी कधी खुन्नस काढायची असते पेन ड्राइव्हवर आणि बदलली जाते आतली डिस्क.

आता कॅबिनेट उघडा

वॉरंटी असेल तर उघडायच्या आधी तिच्या अटी वाचा. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मगच आत हात घाला.

नागपुरात हा भाग टाळून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि माणूस कूलरच्या तोंडाशी बसतो. टेबल तिथेच, कम्प्युटरही तिथेच. ओली हवा आणि धूळ दोन महिने सरळ कॅबिनेटमध्ये जाते. मागच्या उन्हाळ्यात इतवारीतल्या एका दुकानाचं मशीन उघडलं. साटाची, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी, वायर काढली तर तिच्या टोकावर चिकट मातीचा थर, आणि डिस्कच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट डाग. मालक नवीन डिस्कचे पैसे घेऊनच बसले होते. खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसल्या, रबराचे कण ब्रशने झाडले, नवी वायर लावली. सी७ कॉपी करताना २१४ वरून २३१ झाला होता, तो २३१ वरच थांबला. अजूनही तीच डिस्क चालू आहे. वायरीचा खर्च शंभर-दीडशे रुपये.

म्हणून साटाची वायर बदला, आणि तरी फरक पडला नाही तर ती मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. दोन्ही एकदम बदललं तर दोष कशात होता ते कळणार नाही, तेव्हा आधी वायर बदला. एसएमपीएसकडून (वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येणारी पॉवरची पिनही बघा. जुन्या मोठ्या पिनेवरून साटाची पिन बनवणारा जोड लावलेला असेल तर तो काढाच. साच्यात ओतलेले तसे जोड आतून जळतात. काही लॅपटॉपमध्ये पट्टीसारखी चपटी वायर असते, तिचं लॉक सैल झालेलं असू शकतं. एम-डॉट-टू (मदरबोर्डवरच बसणारी पट्टीसारखी) एसएसडी काढून पुन्हा नीट बसवा आणि तिचा स्क्रू असल्याची खात्री करा.

तापमानही इथेच बघा. बहुतेक हार्ड डिस्कांची मर्यादा ६० अंश असते. खोलीतच ४० असतील आणि पंखा धुळीने बसला असेल, तर ती मर्यादा दूर नाही. कम्प्युटर कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, पण भिंतीला चिकटवू नका.

मग ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून बघा. तिथे सुरळीत चालला तर दोष पहिल्या मशीनच्या पोर्टचा किंवा एसएमपीएसचा. तिथेही अडकला तर ड्राइव्हच. त्याआधी एक गोष्ट न विसरता करा: लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप) चालू आहे का ते पाहा आणि त्याची रिकव्हरी की, म्हणजे किल्लीचा आकडा, लिहून घ्या. ती नसेल तर दुसऱ्या मशीनवर तुमचाच डेटा तुम्हाला उघडणार नाही, आणि त्यात मी किंवा दुसरा कोणीही काही करू शकत नाही.

सगळा डेटा बाहेर आल्यावर, आणि त्यानंतरच, स्मार्टची लांब चाचणी लावा. मोठ्या डिस्कला ती कित्येक तास घेते. ती मध्येच नापास झाली तर प्रश्न मिटला. लिनक्स येत असेल तर सी५ वाढलेल्या डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हे कॉपीचं सॉफ्टवेअर वापरा. ते आधी सोपं सोपं उचलतं, अडलेल्या जागा वहीत टिपल्यासारख्या टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. मध्येच लाइट गेली तरी पुढून सुरू करता येतं. मात्र कॉपी जुन्या ड्राइव्हवरून नव्यावर आहे ना, हे दोनदा तपासा. उलटं झालं तर सगळं पुसलं जातं.

इथे थांबा, माणूस बोलवा

टक्-टक् ठेका असेल, डिस्क फिरतच नसेल, पडलेली असेल, पाणी गेलं असेल, जळका वास येत असेल, किंवा एसएसडी बायोसमध्ये दिसत नसेल आणि आत एकमेव प्रत असेल, तर तुम्ही थांबा. माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्यानेही थांबायला हवं. हे काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं आहे, ज्यांच्याकडे धूळविरहित खोली असते. दुकानाच्या टेबलावर डिस्कचं झाकण उघडणाऱ्याला डिस्क देऊ नका. हेड आणि चकती यांच्यातली फट धुळीच्या कणापेक्षा कितीतरी लहान असते. फ्रीजमध्ये ठेवायचा उपायही करू नका, बाहेर काढताच आत दव धरतं.

देण्याआधी तीन गोष्टी विचारा: तपासणीचे पैसे किती, डेटा न मिळाल्यास किती, आणि ड्राइव्ह परत मिळेल का. खर्च हजारांत जातो, तेव्हा आतल्या वस्तूची किंमत तुम्हीच ठरवा. आणि त्यांना खरं सांगा. पडली असेल तर पडली म्हणा, चेकडिस्क चालवली असेल तर तेही सांगा. त्यावरून ते ठरवतात की डिस्कला पहिल्यांदा वीज द्यायची की आधी उघडायची. ड्राइव्ह बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि हातात घेऊन जा. स्कूटीच्या डिकीत टाकून नको.